व्हिडिओत मराठी अक्षरं तुटतात? आधी ‘कधी’ तुटली ते बघा

गुळाची जाहिरात होती. ३० सेकंदांची, मोबाइलवर उभी दिसणारी. उसाच्या फडापासून चुलवाणापर्यंतचं शूटिंग झकास झालं होतं आणि काहिलीत उकळणाऱ्या रसाचे क्लोजअप तर असे, की बघणाऱ्याला वास यावा. शेवटच्या चार सेकंदांत फक्त दोन शब्दांची पाटी: ‘आमचं गुऱ्हाळ’. रात्री दीडला रेंडर लावला, म्हणजे व्हिडिओची अंतिम फाइल बनवायला टाकली, लिंक पाठवली आणि आडवा झालो. सकाळी सातला मालकांचा फोन.

“भावा, पिक्चर एक नंबर झालाय. पण आमच्या गुऱ्हाळाचा पाय कुणी मोडला?”

बघतो तर खरंच. र च्या खाली टिंब, त्या र चा पाय मोडलेला आणि शेजारी ‘हाळ’ सुटं उभं. ‘आमचं’ मात्र अगदी व्यवस्थित. त्यात जोडाक्षरच नाही, मग तुटणार काय? दीड वाजता माझी नजर पहिल्या शब्दावर टेकली आणि दुसरा शब्द न वाचताच मी ‘झालं’ म्हणून बसलो.

हे रडगाणं मी एकटा गात नाही. मराठीत प्रोमो, लग्नाची आमंत्रणं, क्लासच्या जाहिराती, निवडणुकीच्या क्लिपा करणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, ‘मराठीसाठी चांगला फॉन्ट कोणता?’ माझ्या मते इथेच वाट चुकते. फॉन्ट बदलून, परत बदलून लोक दोन-दोन दिवस घालवतात आणि शेवटी अक्षरांचा फोटो काढून चिकटवतात. तुटलेलं अक्षर दिसायला एकसारखंच असतं, पण ते चार वेगवेगळ्या ठिकाणी तुटू शकतं: मजकूर तुमच्याकडे येतानाच, सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर, हलवायला लागल्यावर, किंवा सगळं झाल्यानंतर दुसऱ्या मशीनवर आणि मोबाइलवर. प्रत्येकाचा इलाज निराळा आहे आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लावला तर काहीही फरक पडत नाही.

म्हणून पहिलं काम एकच. बिघडलेली ओळ सॉफ्टवेअरमधून कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. तिथेही तुटलेली दिसली तर मजकूरच आजारी आहे, फॉन्टला हात लावू नका. तिथे ठणठणीत आणि टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, मोडकी असेल तर दोष टेक्स्ट इंजिनचा (अक्षरं जुळवणारा सॉफ्टवेअरचा भाग) किंवा फॉन्टचा. स्थिर फ्रेमवर ठीक पण ॲनिमेशन सुरू झालं की विस्कटत असेल तर दोष ॲनिमेटरचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्याचा आणि आपलाही.

मजकूर येतानाच तुटलेला

गिऱ्हाईक मजकूर कुठून आणतं? बहुतेकदा फ्लेक्सवाल्याकडून किंवा पत्रिका छापणाऱ्याकडून. तिथे कोरल ड्रॉमध्ये वर्षानुवर्षं श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम नाहीतर हिंदीकडचं कृतिदेव चालत आलंय. या जुन्या फॉन्टांची रचना युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा देणारी संगणकाची पद्धत, रुळण्याआधीची आहे. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले: एका जागेवर अर्धा त, दुसऱ्या जागेवर काना, तिसऱ्या जागेवर रफार. संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच, ती वेड्यावाकड्या इंग्रजी चिन्हांची माळ असते आणि फॉन्ट तिला मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटा उतरतो आणि टोप्या घातलेली, टिंबं लावलेली परदेशी अक्षरं समोर येतात.

या फॉन्टांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांचा एक गुण मान्य करायला हवा. ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तुटत नाहीत, कारण जोडण्यासारखं काही उरलेलंच नसतं, सगळे तुकडे आधीच कापून ठेवलेले. म्हणून अनेक जुने एडिटर अजून त्यांनाच धरून आहेत आणि त्यांच्या पाट्या आपल्यापेक्षा बिनचूक निघतात. अडचण नंतर येते. फॉन्ट बदलता येत नाही, तोच मजकूर सबटायटलला किंवा पोस्टच्या वर्णनात वापरता येत नाही, शोधता येत नाही. ॲनिमेशनमध्ये तर प्रत्येक काना, प्रत्येक रफार हे स्वतंत्र अक्षर मोजलं जातं. शब्दाआधी त्याची वेलांटी एकटीच उडत येते.

असा मजकूर आला तर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणा, आणि आणल्यावर पाच गोष्टी डोळ्यांनी तपासा: रफार योग्य अक्षरावर आहे का, ऱ्य आणि ऱ्ह टिकले का, श्र आणि त्र नीट आहेत का, आकडे बदलले का, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काही आलं का. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरावर तर कधीच विसंबू नये. तिथे युनिकोड फॉन्ट असला तरी बाहेर येताना वेलांट्या जागा सोडतात आणि अर्धी अक्षरं गळतात. मी आता सरळ सांगतो, ‘दादा, पीडीएफ नको, फोनवर टाइप करून पाठवा.’ फोनवर टाइप केलेलं युनिकोडच असतं. शुद्धलेखनाच्या चुका असतील, पण अक्षरं धड असतात.

शुद्धलेखनाच्या चुकांमधली एक मात्र सॉफ्टवेअरच्या माथी मारली जाते. ‘करणाऱ्यांना’ऐवजी ‘करणार्यांना’. ही तुटलेली जोडणी नाही, ते वेगळं अक्षर आहे. मराठीतल्या या अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये ऱ ही स्वतंत्र जागा आहे: ऱ, मग हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), मग य. साधा र घेतला की रफार होतो. यातून अर्थही बदलतो. ‘आचार्यास’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. केटररच्या जाहिरातीत ‘आचार्यांची टीम’ झळकली तर जेवण श्लोक म्हणून वाढतील असं वाटतं. काही जण हे अक्षर जुन्या पद्धतीने, र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात. दिसायला तेच, पण ते अदृश्य चिन्ह एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना गळू शकतं किंवा चौकोन होऊन प्रकटू शकतं. शोधून-बदलून सगळीकडे ऱ करून घ्या.

दुसरा नेहमीचा रुग्ण म्हणजे ॲ. ॲकॅडमी, ॲडमिशन, ॲप, ॲग्रो: आपल्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या नावातच तो आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत, आणि आजही अनेक कळफलक तसंच लिहितात. त्यामुळे एकाच मजकुरात दोन प्रकारचे ॲ असू शकतात. जुन्या फॉन्टात नवा ॲ चौकोन दिसतो, काही ठिकाणी जुन्या पद्धतीच्या चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं. मजकूर एकाच पद्धतीचा करा, नव्या, आणि फॉन्टात तो आहे का बघा. रुपयाचं चिन्हही तसंच. ते २०१० सालचं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टात ₹ सापडणार नाही. सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून ते उसनं आणतं आणि किमतीच्या पाटीवर एकच चिन्ह बारीक, परकं दिसत राहतं.

मजकूर ठीक, पण टाइमलाइनवर मोडका

युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी. ‘र्थ’मध्ये र पहिला, पण दिसतो थ च्या डोक्यावर. साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम यांच्यामधलं काम करतं टेक्स्ट इंजिन. ते फॉन्टमधले नियम वाचतं आणि जुळवाजुळव करतं. इंजिन फक्त रोमन लिपीचं असेल तर ते जसं साठवलंय तसंच ओळीने मांडतं. ओळखायची खूण सोपी आहे: ‘कि’ टाइप करा. वेलांटी क च्या उजवीकडे लटकली तर इंजिन चुकीचं आहे, आणि मग जगातला कुठलाही फॉन्ट लावा, ती तिथेच लटकणार.

प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेस, ग्राफिक्स, टेक्स्ट इंजिन इथे ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडायचं. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत हीच निवड प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात आहे, निवडल्यावर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचं. नव्या आवृत्त्यांत निवड करायची वेळ सहसा येत नाही, पण जुना प्रोजेक्ट किंवा विकत घेतलेलं टेम्प्लेट (तयार साचा) उघडलं की जुनं दुखणं सोबत येतं. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवण्याची खूण करा आणि मग परिच्छेदाच्या पॅनेलमधून दक्षिण आशियाई कंपोझर निवडा. फोटोशॉपमध्येही टाइप विभागातच ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी आहे.

इथे एक खड्डा आहे आणि माझं गुऱ्हाळ त्यातच पडलं होतं. सेटिंग बदललं तरी आधीपासून असलेला टेक्स्ट लेयर, म्हणजे मजकुराचा थर, जुन्याच इंजिनवर राहू शकतो. माझ्या शेवटच्या पाटीचं टेम्प्लेट बाहेरून घेतलेलं, त्यातला लेयर रोमन इंजिनचा. मी त्यातले शब्द बदलले, लेयर तोच ठेवला. इलाज चार मिनिटांचा निघाला: नवा टेक्स्ट लेयर घेतला, त्यात मजकूर टाइप केला आणि जुन्याच्या कीफ्रेम (हालचालीच्या खुणा) त्यावर चिकटवल्या. जुन्या लेयरची प्रत काढून उपयोग नाही, प्रतीसोबत रोगही येतो.

त्रिमितीवाल्यांसाठी थोडक्यात. ब्लेंडरच्या टेक्स्ट ऑब्जेक्टच्या भरवशावर मराठी जोडाक्षरं सोडू नका. इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहा, तिथे जुळणी बरोबर होते, मग त्याचे पाथ (आकाराच्या रेषा) करून एसव्हीजी, म्हणजे रेषांच्या चित्राची फाइल, म्हणून आत आणा. शब्द नंतर बदलता येणार नाही, पण अक्षर शाबूत राहील.

आता ल आणि श. ही तुटफूट नाही, तरीही जाणकार गिऱ्हाईक इथे बोट ठेवतं आणि बरोबर ठेवतं. मराठी ल दोन पाकळ्यांचा, मराठी श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णलेखनाच्या निर्णयातही हीच वळणं आहेत. बऱ्याच फॉन्टांत मात्र मूळ रूप हिंदी वळणाचं असतं आणि मराठी रूप आत दडवलेलं असतं. भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगितलं तरच ते बाहेर येतं. वेब ब्राउझर हे सांगू शकतो, इलस्ट्रेटरसारख्या सॉफ्टवेअरमध्येही भाषा निवडता येते, व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय मिळेलच असं नाही. म्हणून मी असे फॉन्ट हाताशी ठेवतो ज्यांत मराठी रूप हेच मूळ रूप आहे. ‘तिरो देवनागरी’ कुटुंबात हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट मोफत मिळतात, त्यातला मराठी घ्या. मॅकवर ‘आयटीएफ देवनागरी मराठी’ आधीपासून असतो. दुसरा मार्ग म्हणजे ग्लिफ पॅनेलमधून, म्हणजे फॉन्टातल्या सगळ्या आकारांच्या यादीतून, पाकळीचा ल उचलायचा आणि पाथ करून बसवायचा. एका ‘लाल महाल’साठी हे ठीक आहे, दोन मिनिटांच्या सबटायटलसाठी वेडेपणा आहे.

हलवायला लागलं की विस्कटतं

खरं दुखणं हे, आणि यात सॉफ्टवेअरला किती दोष द्यायचा याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बाजारातली बहुतेक टेक्स्ट ॲनिमेशनं रोमन लिपीसाठी बनली. रोमन अक्षरं मुळात सुटी असतात. एकेक उडवा, फिरवा, टपाटपा पाडा, काही बिघडत नाही. देवनागरीत शब्दाला वरून रेघ आहे. एका दोरीवर वाळत घातलेले कपडे जसे. एकेक कपडा स्वतंत्र नाचवायचा म्हटला की दोरी तुटणारच.

पहिला, सगळ्यात स्वस्त इलाज: अक्षराऐवजी शब्द हे एकक धरा. आफ्टर इफेक्ट्समध्ये टेक्स्ट ॲनिमेटरच्या रेंज सिलेक्टरखाली ‘ॲडव्हान्स्ड’ उघडलं की ‘बेस्ड ऑन’ दिसतं. तिथे कॅरेक्टर्स असतं, ते वर्ड्स करा. दहातली सात कामं इथेच मिटतात. मराठी शब्द तसाही लांब असतो. ‘विद्यार्थ्यांसाठी’ एकदम आला तरी पडद्यावर पुरेशी हालचाल होते.

ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं वाढीव अंतर, शून्य ठेवा. अक्षरं हळूहळू फाकत जाण्याची ती गंभीर, चित्रपटाच्या नावासारखी हालचाल सगळ्यांना हवी असते, आणि तिच्यात शिरोरेघेचे तुकडे पडतात. गिऱ्हाइकाला तसाच भाव हवा असेल तर पूर्ण शब्द ९६ टक्क्यांवरून १०० टक्क्यांपर्यंत सावकाश मोठा करा, दोन शब्दांमधलं अंतर किंचित वाढवा. परिणाम जवळपास तोच, रेघ अखंड.

टाइपरायटर, म्हणजे मजकूर एकेक अक्षर टाइप होत उमटणं. याच्याशिवाय एकही क्लासची जाहिरात होत नाही. तयार प्रीसेट किंवा ‘पहिली इतकी अक्षरं दाखव’ असं एक्स्प्रेशन (छोटा कोड) लावलं की गंमत होते: ‘क्रिकेट’ लिहिताना आधी क, मग पाय मोडलेला क्, मग क्र, मग अचानक आधी वेलांटी येऊन क्रि. एक अक्षर चार रूपं घेतं आणि शब्द थरथरतो. कारण मोजणी संगणकाच्या चिन्हांची होते, आपल्या अक्षरांची नाही.

मी यावर एक गावठी उपाय वापरतो. मजकूर लिहितानाच अक्षरांमध्ये उभी दांडी घालायची: ‘वि|द्या|र्थ्यां|सा|ठी’. एक्स्प्रेशनमध्ये स्लायडरचा आकडा घ्यायचा, मजकूर दांडीवर तोडायचा, तेवढे पहिले तुकडे परत जोडून दाखवायचे. दांडी पडद्यावर दिसत नाही, शब्द पाच पूर्ण अक्षरांत उमटतो आणि एकदाही पाय मोडत नाही. नियम लिहून हे आपोआप करता येतं: व्यंजन, त्यामागे हलन्त असेल तर पुढचं व्यंजन, मग मात्रा, मग अनुस्वार, असा एक गट. पण दांडी हाताने घालण्याचा फायदा असा की दोन अक्षरं एकत्र हवी तिथे मी दांडी घालतच नाही. परिच्छेद मात्र डावीकडे बांधलेला हवा. मधोमध ठेवला तर प्रत्येक अक्षरागणिक ओळ डावीकडे सरकते.

आऊटलाइनची तक्रार वेगळी. अक्षरांना जाड कडा दिली की शिरोरेघेवर प्रत्येक सांध्यावर उभ्या चिरा दिसतात. फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं रेघेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात, आणि प्रत्येकाची कडा स्वतंत्र रंगते. आफ्टर इफेक्ट्सच्या टाइमलाइनमध्ये टेक्स्टखालच्या ‘मोर ऑप्शन्स’मध्ये ‘फिल अँड स्ट्रोक’ आहे, तिथे ‘ऑल फिल्स ओव्हर ऑल स्ट्रोक्स’ करा, चिरा झाकल्या जातात. फक्त कडा हवी असेल, आत पोकळ, तर हा उपाय चालत नाही. मग टेक्स्टपासून शेप बनवायचे, सगळ्या अक्षरांच्या गटांखाली मर्ज पाथ्स (आकार एकत्र जोडणारा पर्याय) ‘ॲड’वर ठेवायचा आणि कडा त्याच्याही खाली द्यायची. त्याआधी मूळ टेक्स्ट लेयर डोळा बंद करून जपून ठेवा. गिऱ्हाईक ‘श्री’चं ‘श्रीमती’ करायला सांगणार आहे.

कडा किती जाड? ध आणि भ बघून ठरवा. ध आणि घ, भ आणि म यांच्यात फरक करते ती रेघेतली फट. जाड कडेने ती फट बुजली की ‘धर’चं ‘घर’ होतं आणि ‘भात’चा ‘मात’. तांदळाच्या जाहिरातीत हे परवडत नाही.

आता ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप सहन करतो ते. शिरोरेघेला अडचण समजण्याऐवजी तिलाच नाचवा. शाळेत आपण पाटीवर आधी अक्षरं लिहायचो आणि शेवटी वरून एक रेघ ओढायचो. पडद्यावर उलटं करून बघा: आधी रेघ डावीकडून उजवीकडे सळसळत जाते, मग तिच्याखाली अक्षरं उतरतात, शेवटी मात्रा आणि अनुस्वार वरून टपकतात. यासाठी नवीन रेघ काढू नका, तिथेच सगळे फसतात. वेगळी रेघ ध आणि भ च्या फटीवरूनही जाते आणि वर सांगितलेला घोटाळा होतो. त्याऐवजी एकाच टेक्स्ट लेयरच्या तीन प्रती घ्या. पहिलीला फक्त रेघेच्या पट्टीएवढा मास्क (तेवढाच भाग दाखवणारी चौकट) द्या आणि लिनिअर वाइप (एका बाजूने उलगडणारा इफेक्ट) लावा. दुसरीला रेघेखालचा मास्क, तो वरून खाली उघडत जाऊ द्या. तिसरीला रेघेवरचा. रेघ फॉन्टचीच असल्याने फटी जागच्या जागी राहतात. मास्कच्या कडा एकमेकांवर एक पिक्सेल चढवा, नाहीतर मध्ये केसाएवढी भेग दिसते. वेळ म्हणाल तर रेघेला १० ते १२ फ्रेम, अक्षरांना तेवढ्याच, मात्रांना त्याच्या निम्म्या. मात्रा शेवटी उडी मारून थोड्या हलल्या तर झोकदार वाटतं, पण शोकसभेच्या पाटीला तसं करू नये. केलंय एकाने.

गुऱ्हाळाची पाटी मी नंतर अशीच केली. रेघ म्हणजे काहिलीतून उचललेल्या पाकाची तार, आणि तिच्याखाली अक्षरं ओघळून थिजतात. मालकांना तार दिसली की नाही माहीत नाही. अक्षरं धड दिसली, पैसे आले.

तुमच्याकडे ठीक, दुसरीकडे मोडलं

खालच्या पट्टीत नाव दाखवणारी टेम्प्लेटं मजकुराची मापं घेऊन पट्टीचा आकार ठरवतात. रोमनमध्ये ते खपून जातं. मराठीत ‘कमल’ आणि ‘कीर्ती’ यांची उंची सारखी नाही, त्यात खाली उकार आला की पट्टी आणखी फुगते. दहा वक्त्यांचा कार्यक्रम असेल तर दहा उंचीच्या पट्ट्या. एक्स्प्रेशनमध्ये मजकुराकडून फक्त रुंदी घ्या, उंची हाताने ठरवून टाका. ती ठरवताना ‘र्कीं’ आणि ‘ट्रू’ एका खाली एक बसतात का बघा. मास्कमधून वर येणारी अक्षरंही याच कारणाने डोकं कापलेली दिसतात. मास्कची उंची रोमन कॅपिटलवर बेतलेली असते, त्यात रफार बिचारा बाहेर राहतो.

दुसऱ्या मशीनवर प्रोजेक्ट उघडताना फॉन्ट नसेल तर सॉफ्टवेअर दुसरा लावतं. प्रोजेक्टच्या फाइली गोळा करणाऱ्या ‘कलेक्ट फाइल्स’ने दिलेल्या अहवालात वापरलेल्या फॉन्टांची नावं असतात, ती वाचा आणि परवाना असेल तर फॉन्टही सोबत द्या. एडिटर दुसरा कुणी असेल तर मी त्याच्या हाती टेक्स्ट देतच नाही. पाट्या पारदर्शक पार्श्वभूमीच्या प्रोरेस ४४४४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेंडर करून देतो. फाइल जड होते, पण रात्री फोन येत नाही.

सबटायटलच्या एसआरटी फाइलमध्ये सगळी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर ती यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत, साठवलेली नाही. मूळ मजकुरातून नव्याने साठवा, प्रश्नचिन्हं झालेल्या फाइलमधून मराठी परत येत नाही.

मोबाइलवर अनुस्वार गायब होण्याचं कारण बहुतेकदा फॉन्टचं वजन आणि रंग. नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच साठवली जाते, उजेड-अंधाराची मात्र प्रत्येक पिक्सेलची. म्हणून हिरव्यावर लाल अक्षरं, दोन्हींची उजळता सारखी, फॉरवर्ड होत होत गेली की कडा विरघळतात आणि अनुस्वार आधी मरतो. ‘आंबा’चा ‘आबा’ होतो. जाडी मध्यम, गडदावर फिकट किंवा फिकटावर गडद, आणि अनुस्वार ठळक असलेला फॉन्ट. मला ‘मुक्ता’चा मधल्या जाडीचा बरा वाटतो, ‘मोदक’सारखा गुबगुबीत फॉन्ट मिठाईच्या एका शब्दाला छान, पूर्ण वाक्याला नाही. आणि खोटा बोल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरने ओढूनताणून जाड केलेला, नकोच. त्याने ष चं पोट भरतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांतल्या मराठी पाट्यांबद्दलही हल्ली विचारतात. त्या दुरुस्त करत बसू नका. पाटी कोरी मागा, अक्षरं तुम्ही लिहा.

गिऱ्हाइकाशी आधीच ठरवायचं ते

ॲनिमेशन सुरू करण्याआधी सगळ्या पाट्यांच्या स्थिर फ्रेम पाठवतो आणि ‘नाव, पत्ता, ऱ्हस्व-दीर्घ बघून बरोबर आहे असं लिहून पाठवा’ म्हणतो. ‘ओके’ एवढा शब्द पुरत नाही, अंगठ्याचं चित्र तर नाहीच. त्यानंतर मजकूर बदलला तर तो वेगळा फेरा आणि त्याचे वेगळे पैसे. हे आगाऊ रकमेच्या वेळीच बोलून घेतलं की नंतर तोंड वाकडं होत नाही. माझ्या पाट्या गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी आमच्या मावशीकडे जातात. ३१ वर्षं मराठी शिकवलंय तिनं, आणि तिला ॲनिमेशनमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून ती फक्त अक्षरं बघते.

शिवाय नवं टेम्प्लेट, नवा फॉन्ट किंवा नवं सॉफ्टवेअर हाती आलं की आधी ही ओळ त्यात टाकतो. अर्थ शोधू नका:

‘कऱ्हाडच्या ॲकॅडमीत धनू विद्यार्थ्यांना भेटला, कर्तृत्वाला शाल-श्रीफळ, हृद्य ज्ञानसत्रात ट्रॅक्टर, किंमत ₹ ५,०००.’

ही ओळ स्थिर असताना, हलताना आणि मोबाइलवर फॉरवर्ड होऊन आल्यावर, अशी तिन्ही वेळा धड दिसली तर टेम्प्लेट ठेवतो. मागच्या महिन्यात सात टेम्प्लेटं तपासली, दोन ठेवली. उरलेल्या पाचांतली तीन ‘कऱ्हाड’लाच गारद झाली.